बावीस मिनिटांतले नऊ सेकंद

चॅनेल नाइनमध्ये इंटर्न म्हणून लागल्यापासून पाच आठवड्यांत कोरिन बाबिचने कुणालाही नाही म्हटलं नव्हतं. कॉलेजातल्या चौदा जणांनी अर्ज केले होते आणि घेतलं होतं एकटीला. वडील नगरपालिकेच्या बर्फ काढायच्या ट्रकवर, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. घरात टीव्हीवर दिसणारं कुणी नव्हतं आणि टीव्हीच्या मागे काम करणारंही नव्हतं. मिळालेली संधी पुरेपूर वापरायची, एवढंच तिला ठाऊक होतं. सकाळी साडेसहाला ती हजर असायची. पोलीस आणि अग्निशमन दलाचा वायरलेस ऐकायची, चौदा ठाण्यांना फोन करून काही झालंय का विचारायची, प्रिंटरमध्ये कागद भरायची, कुणाला डोनट हवा असला तर तोही आणून द्यायची. एडिटिंग शिकायला मिळावं म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत एडिटरच्या मागे उभी राहून सँडविच खायची.

तळ्याकाठचं ते जुनं पोलाद-कारखान्यांचं शहर. कारखाने बंद पडून वीस वर्षं झाली, बर्फ मात्र पडायचा थांबला नव्हता. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी कोल्टर स्ट्रीटच्या उतारावरून एक शाळेची बस खाली आली ती थांबलीच नाही. कोपऱ्यावरचा थांबा ओलांडून ती समोरच्या घराच्या व्हरांड्यावर चढली. बसमध्ये नऊ मुलं होती. एका मुलीच्या खांद्याचं हाड मोडलं, बाकीच्यांना मुका मार. बस चालवणाऱ्या बाईंचं नाव व्हर्लीन स्टोक्स. वय अठ्ठावन्न, त्यातली एकोणीस वर्षं शाळेच्या बसवर गेलेली.

दुसऱ्या दिवशी ग्रँट लिंडक्विस्टला त्यांची मुलाखत मिळाली. ग्रँट हा चॅनेलचा आवडता वार्ताहर. तिशीचा, देखणा, केस नेहमी नीट बसवलेले, सदा घाईत. तीन वाजता तो बाहेरून आला आणि कॅमेऱ्याचं कार्ड त्याने कोरिनच्या टेबलावर ठेवलं.

"बावीस मिनिटं बोललीय बाई. काय बोलली ते उतरवून काढ आणि बऱ्या बाइटवर तारा मार. चाळीस मिनिटं आहेत तुझ्याकडे."

"बरी म्हणजे कशी?" कोरिनने वही काढत विचारलं.

"दहाएक सेकंदांचा बोललेला तुकडा. मनाला लागणारा. यंत्राबिंत्राचं नको, लोक चॅनेल बदलतात."

"पाचच्या बातम्यांत जाणार?"

"पाचला आणि सहाला. तू चांगलं शोधलंस तर तुझीच बाइट जाईल. मला सगळं बघायला वेळ नाही."

तुझीच बाइट, हे शब्द तिच्या डोक्यात बसले. हेडफोन लावून ती कामाला लागली. पडद्यावर बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या, अंगात बसवाल्यांचं पिवळ्या पट्ट्याचं जॅकेट तसंच. त्या हळू बोलत, मधेच थांबत, पुन्हा मागे जात. चाळीस मिनिटांत बावीस मिनिटं ऐकून लिहून काढायची, म्हणजे कुठेतरी पळवावंच लागतं. सहाव्या मिनिटाच्या आसपास बाई म्हणाल्या, "मी पहाटे चारपासून जागी होते," आणि गप्प झाल्या, डोळे पुसले. कोरिनने तिथे तारा मारला, एक नव्हे, दोन. पुढे बाई ब्रेकबद्दल बोलायला लागल्या, पेडल, तेल, कुठलासा फॉर्म. कोरिनने पळवत पळवत चार मिनिटं एका ओळीत संपवली: "ब्रेकविषयी, तांत्रिक." मग शेवटचं थोडं ऐकलं आणि कागद ग्रँटच्या हातात दिला.

पाच वाजता बातमी लागली. व्हरांड्यावर चढलेली बस, रडणारी एक आई, आणि ग्रँटचा आवाज: अपघाताच्या दिवशी चालक पहाटे चारपासून जागी होती. त्यानंतर व्हर्लीनबाई, नऊ सेकंद. मी पहाटे चारपासून जागी होते. पुसलेले डोळे. कोरिनने आईला आधीच फोन करून टीव्ही लावायला सांगितलं होतं. "ती बाइट मी काढलीय," ती म्हणाली, आणि आई पलीकडे कुणालातरी म्हणाली, "अगं, आमच्या कोरिनने काढलीय." त्या संध्याकाळी कोरिन गाणं म्हणत घरी गेली.

शुक्रवारी सकाळी डॉटीने तिला हाक मारली. डॉटी म्हणजे असाइनमेंट डेस्कवरची बाई, साठीची, कुठली बातमी कुणी करायची ते ठरवणारी. तिच्या दोन्ही कानांना सतत फोन लागलेले असायचे.

"बस कंपनीचं निवेदन आलंय. दुपारच्या बातम्यांसाठी चार ओळी कर, बाळा."

कोरिनने निवेदन वाचलं. शाळांना बस पुरवणाऱ्या हॅडली कंपनीने व्हर्लीन स्टोक्स यांना कामावरून दूर केलं होतं. पुरेशी झोप न घेता वाहन चालवल्याचं त्यांनी स्वतः टीव्हीवर कबूल केलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली तारीख आणि चॅनेल नाइनचं नावही होतं.

तिने निवेदन परत एकदा वाचलं. मग उठली, ते कार्ड शोधून काढलं आणि या वेळी न पळवता ऐकायला बसली.

"मी पहाटे चारपासून जागी होते," बाई म्हणाल्या, डोळे पुसले, आणि पुढे म्हणाल्या, "रोजच असते. एकोणीस वर्षं. संध्याकाळी आठला झोपते मी, माझी नातवंडं हसतात मला. पण थंडीत गाडी आधी तपासावी लागते ना. त्या दिवशीही तपासली. पेडल खाली जात होतं, पार तळाला. मी लिहून दिलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात दोनदा लिहून दिलं होतं. मॅकेनिक म्हणाला, बस दुसरी नाहीये, हीच घेऊन जा. मी म्हटलं, यात पोरं बसणारेत. तो म्हणाला, मग तू घरी जा, दुसरा कुणी नेईल."

चार मिनिटं बाई हेच सांगत होत्या. कुठल्या दिवशी लिहिलं, फॉर्मवर काय लिहिलं, कुणी सही केली. कोरिनने हेडफोन काढले. हे सगळं तिच्या कानांवरून गेलं होतं. तांत्रिक, असं तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

ग्रँट आरशासमोर टाय बांधत होता.

"तू पूर्ण मुलाखत पाहिलीस?" तिने विचारलं.

"कसली?"

"स्टोक्सबाईंची. पुढे त्या काय म्हणाल्या ते ऐकलंस का? ब्रेक गेले होते. तीनदा लिहून दिलं होतं त्यांनी."

"मुलाखत मीच घेतली, कोरिन. समोर बसलो होतो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

ग्रँटने टाय सैल करून पुन्हा बांधला. "प्रत्येक ड्रायव्हर म्हणतो ब्रेक गेले. कंपनीला विचारलं, ते म्हणाले चौकशी चालू आहे. मला एक मिनिट वीस सेकंद मिळाले होते. तुझा तारा होता तिथे, मी ते घेतलं. चांगली बाइट होती."

"आपण त्यांचं वाक्य अर्धं कापलं. त्याच वाक्यावर त्यांची नोकरी घालवली."

"नोकरी कंपनीने घालवली. आणि वाक्य तिचंच आहे, मी तिच्या तोंडात घातलेलं नाही." तो आरशातून तिच्याकडे बघत हसला. "हे बघ, पहिल्या इंटर्नशिपला सगळ्यांचं असं होतं. दोन दिवसांनी विसरशील."

ते हसू तिला सगळ्यात जास्त झोंबलं. ती तशीच तरातरा फिल मर्करच्या खोलीत गेली. फिल हा वृत्तसंपादक, सगळ्यांचा साहेब. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मधे दोनदा घड्याळ पाहिलं.

"बाईंनी ते वाक्य म्हटलं की नाही?"

"म्हटलं, पण पुढे..."

"मग दुरुस्ती कशाची करायची? आपण चुकीचं काही दाखवलेलं नाही. ब्रेकचं म्हणशील तर कागद आहे का काही? नुसतं तिचं म्हणणं दाखवलं तर हॅडलीचे वकील उद्या इथे बसतील."

"तिच्याविरुद्ध नुसतं अर्धं म्हणणं दाखवलं तेव्हा वकिलांची भीती नव्हती का?"

फिलने समोरचे कागद सारखे केले. मग म्हणाला, "तू हुशार आहेस. पण तू इथे शिकायला आलीयस. त्या बाईंना फोन करायचा नाही, भेटायला जायचं नाही. हे वार्ताहरांचं काम आहे. दार लावून जा."

दार तिने लावलं, पण असं की बाहेरच्या तिघांनी माना वर केल्या. डॉटीने एक फोन कानावरून काढला.

"काय म्हणाला?"

"कागद आहे का म्हणाला."

"मग आहे का?"

"बाई फॉर्म फॉर्म म्हणत होत्या. मी नीट ऐकलंच नाही, डॉटी. मीच तारा मारला त्याच्यावर."

डॉटीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "हे तू मला कशाला सांगतेस? मी काय पाद्री आहे? ज्यांना सांगायचं त्यांना सांग." आणि तिने फोन परत कानाला लावला.

शनिवारी सकाळी कोरिन गाडी काढून व्हर्लीनबाईंकडे गेली. घर शोधायला वेळ लागला नाही. घरापुढचा बर्फ एका सरळ रेषेत काढलेला होता. दार व्हर्लीनबाईंनीच उघडलं. पिवळ्या पट्ट्याचं जॅकेट आता खुंटीवर होतं.

"मी चॅनेल नाइनमधून आलेय. कोरिन बाबिच. इंटर्न आहे."

"तो केसवाला मुलगा घाबरला वाटतं. तुला पाठवलं?"

"कुणी पाठवलं नाही. मला मनाई आहे यायला."

बाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बूट काढ. फरशी पुसलीय."

स्वयंपाकघरातलं तेच टेबल होतं. बाईंनी तिला कॉफी विचारली नाही, स्वतःसाठी ओतून घेतली. येताना गाडीत कोरिनने सगळं ठरवलं होतं. आधी कागदांचं विचारायचं, फोटो काढायचे, मग बाकीचं. बाकीचं नाही बोललं तरी चालेल, असंही एकदा मनात येऊन गेलं होतं. पण त्या टेबलाशी बसल्यावर तिच्या तोंडून आधी तेच निघालं.

"ते वाक्य मी निवडलं होतं. तुमची मुलाखत मी उतरवून काढली. घाई होती, मी ब्रेकचं पळवलं. त्यावर तांत्रिक असं लिहिलं आणि चारपासून जागी होते यावर तारा मारला. ग्रँटने तेच लावलं."

बाईंनी कप खाली ठेवला. भिंतीवरचा हीटर खडखडत होता.

"कुठल्या शाळेत होतीस तू?" त्यांनी विचारलं.

"गारफिल्ड एलिमेंटरी."

"बसने जायचीस?"

"हो."

"मग कुणीतरी रोज पहाटे चारला उठत होतं तुझ्यासाठी. कधी मनात नाही आलं?" त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे ऐकणं अधिकच कठीण झालं. "चर्चमध्ये मला परवा एकीने विचारलं, झोप येते का गं व्हर्लीन, गोळी देऊ का? त्या मुलीची आई माझ्यासमोरून रस्ता ओलांडून गेली. तिचा खांदा मोडला ना, त्या मुलीचा, तिला मी बालवाडीपासून नेतेय. आणि तू मला सांगतेस घाई होती."

"मला माहीत आहे माफी मागून..."

"माफी मागू नकोस. माफी मागितली की तुला बरं वाटेल, मला काय?" त्या उठल्या. "जा आता."

"तुमच्याकडे ते फॉर्म आहेत का? तुम्ही लिहून दिलेले. ते मिळाले तर..."

"जा म्हटलं ना."

कोरिन बुटांच्या नाड्या न बांधताच बाहेर आली. गाडीत बसून तिने स्टिअरिंगवर मूठ आपटली, दोनदा, तीनदा. ग्रँटवर राग होता, फिलवर होता, हॅडलीच्या त्या मॅकेनिकवर होता. पण त्यांच्यावर चिडताना सोपं वाटायचं. स्वतःवरचा जो होता तो कुठे ठेवायचा ते कळेना. रविवारभर ती घरात कुणाशी धड बोलली नाही. आई म्हणाली, "अगं, एवढं काय झालं?" तर ती आईवरच खेकसली, आणि मग आईने शेजारणीला किती कौतुकाने सांगितलं होतं ते आठवून तिला आणखीच वाईट वाटलं.

सोमवारी नऊच्या मीटिंगला सगळे गोल बसलेले असताना खालच्या स्वागतकक्षातून डॉटीला फोन आला. तिने ऐकलं आणि फिलकडे वळली.

"खाली व्हर्लीन स्टोक्स आल्यात. हातात बुटांचं खोकं आहे. म्हणतायत, केसवाल्याशी बोलणार नाही, ती बाबिच म्हणून पोरगी आहे तिला बोलवा."

सगळ्यांच्या नजरा कोरिनकडे गेल्या. फिलचे कान लाल झाले. "तू गेली होतीस?"

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

"जाऊ नको म्हणून. गेले."

फिल काही बोलण्याआधी डॉटी म्हणाली, "तिच्यावर नंतर ओरड. बाई कागदांसकट खाली बसल्यात. आत्ता चॅनेल फोरच्या गाडीने त्यांना पाहिलं आणि बातमी पळवली तर मी काय करू?"

बाईंना वर आणलं. त्यांनी कोट काढला नाही, खुर्चीवर बसल्याही नाहीत. खोकं उघडून त्यांनी टेबलावर पातळ पिवळे कागद मांडले. रोज सकाळी बस तपासून चालक जो फॉर्म भरतो त्याच्या त्या प्रती होत्या. मूळ कंपनीकडे, पिवळी चालकाकडे. तीन कागदांवर एकच गोष्ट तीन तारखांना लिहिलेली होती: पेडल तळाला जातं, गाडी बाहेर काढू नये. खाली तिन्ही वेळा एकाच मॅकेनिकची सही. शेवटची तारीख अपघाताच्या दिवसाची.

फिल वाकून बघायला लागला तसा बाईंनी त्यावर पंजा ठेवला.

"आधी माझं ऐका. माझं वाक्य पूर्ण दाखवायचं. जिथं कापलंत तिथून, त्या मॅकेनिकपर्यंत, मधे काही न कापता. आणि तोंडाने सांगायचं की आधी अर्धंच दाखवलं होतं. ते झालं की कागद तुमचे."

"पूर्ण म्हणजे दोन मिनिटांच्या वर जाईल," ग्रँट म्हणाला. "कार्यक्रमात एवढं..."

"मग फोरवाले खालीच असतील," बाई म्हणाल्या आणि कागद गोळा करायला लागल्या.

फिलने कपाळ चोळलं. कोरिनला त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की हा बाईंचा विचार करत नाहीये, तो चॅनेल फोरचा विचार करतोय. चार दिवस ती ज्यासाठी भांडत होती ते आता होणार होतं आणि कारण भलतंच होतं. राग आला तरी तिने तो गिळला. त्या खोलीत तिच्या रागापेक्षा बाईंचं काम महत्त्वाचं होतं.

"ठीक आहे," फिल म्हणाला. "सहाला."

सहाच्या बातम्यांत व्हर्लीनबाई दोन मिनिटं दहा सेकंद बोलल्या. त्याआधी निवेदकाने सांगितलं की बुधवारी या मुलाखतीचा अपुरा भाग दाखवला गेला, त्यातून चुकीचा अर्थ निघाला, त्याबद्दल चॅनेल दिलगीर आहे. मग ग्रँटने पिवळे कागद एकेक करून दाखवले. न्यूजरूममधले सगळे काम थांबवून बघत होते. बाई घरी गेल्या नव्हत्या; डॉटीच्या खुर्चीत कोटासकट बसून त्यांनी स्वतःला पाहिलं आणि संपताच उठल्या.

कोरिन त्यांच्याबरोबर खाली पार्किंगपर्यंत गेली.

"तुम्ही आलात म्हणून झालं," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही आले. त्या मुलीच्या आईने बघावं म्हणून आले." बाईंनी गाडीचं दार उघडलं, मग थांबल्या. "तू सांगितलं नसतंस तर तुझं नाव मला कळलं नसतं, हे खरं. पण मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. अजून नाही केलेलं."

"नाही समजत."

"बरं."

आठवड्याभरात राज्याच्या तपासनिसांनी हॅडलीच्या अकरा बस रस्त्यावरून काढल्या. व्हर्लीनबाईंना कंपनीने परत बोलावलं. त्यांनी पत्राला उत्तरही दिलं नाही, आणि काही दिवसांनी वृद्धाश्रमाची व्हॅन चालवायला लागल्या, असं डॉटीकडून कळलं. चॅनेलने जाहिरात केली: ब्रेकमागचं सत्य आम्ही शोधलं. त्यात ग्रँट वाऱ्यात उभा होता, पिवळे कागद हातात धरून. जाहिरात तासातून दोनदा लागायची आणि प्रत्येक वेळी कोरिनचे दात एकमेकांवर घट्ट बसायचे. पण आता ती कागदावर तारे मारत नसे. ग्रँट कार्ड घेऊन आला की विचारायची, किती मिनिटांचं आहे, आणि म्हणायची, तेवढी मिनिटं लागतील, त्याआधी मिळणार नाही. पहिल्यांदा त्याने डोळे फिरवले. नंतर सवय झाली त्याला.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी फिलने तिला कॉलेजला पाठवायच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर सही करायला बोलावलं. वेळेवर येणं, उत्तम. लेखन, उत्तम. सूचनांचं पालन, असमाधानकारक. सगळ्यात खाली एक चौकट होती: इंटर्न काय शिकली, ते तिनेच लिहायचं. कोरिनने आदल्या दिवशी ती भरून दिली होती. फिलने ती वाचलेली दिसत होती, कारण तिथेच बोट ठेवून तो बोलत होता.

"हे असं कुणी लिहितं का? 'व्हर्लीन स्टोक्स यांचं बोलणं मी घाईत न ऐकता त्यावर तांत्रिक असं लिहिलं. त्यामुळे त्यांची नोकरी गेली. चॅनेलने ते पाच दिवस सुधारलं नाही.' कोरिन, हे कॉलेजात फाइलला लागेल. पुढे नोकरीला अर्ज करशील तेव्हा लोक वाचतील. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय, दुसरं काहीतरी लिही. टीमवर्क वगैरे."

"शेवटचं वाक्य खटकतंय का तुम्हाला?"

"सगळंच खटकतंय."

"मग सगळंच राहू दे."

फिलने पेन टेबलावर ठेवून ते दोनदा फिरवलं. बाहेर पाचच्या बातम्यांची धावपळ सुरू झाली होती, कुणीतरी ग्रँटच्या नावाने ओरडत होतं.

"तुझा राग गेला नाही अजून," तो म्हणाला.

"नाही."

"या धंद्यात एवढा राग घेऊन माणूस टिकत नाही."

"बघू," कोरिन म्हणाली.

त्याने चौकटीखाली सही केली आणि फॉर्म तिच्याकडे सरकवला. तिनेही सही केली. सही वाकडी आली, पण नाव वाचता येत होतं. फॉर्मची एक प्रत तिने मागून घेतली आणि ती घडी करून खिशात घालत खाली उतरली.